मनःशांतीचं वेळापत्रक

घरात शांतता राखायचं काम माझ्यावर डॉक्टरांनी सोपवलं. मी मागायला गेलो नव्हतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याचं खापर आमच्या इमारतीतला जो तो माझ्या डोक्यावर फोडतो, आणि त्यात माझी बायको सगळ्यांत पुढे असते.

बायकोच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. ती शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवते आणि तिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. मुख्याध्यापिकांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं होतं, की नवं सत्र सुरू होईपर्यंत जिना चढता आला तर वर्ग तुमचा, नाही तर तळमजल्यावर साहित्याच्या खोलीत बसा. साहित्य म्हणजे खडू, नकाशे आणि एक मोडका पृथ्वीचा गोल. तेवीस वर्षं पोरांचा हात धरून अक्षरं गिरवून घेतलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा. त्या दिवशी ती घरी आली. दूध उतू गेलं तरी गॅससमोर नुसती उभी राहिली.

म्हणून गुडघा होणं भाग होतं. पण भूल द्यायच्या आधी रक्तदाब मोजला तर वरचा आकडा निघाला एकशे बाहत्तर. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सरळ फाईल मिटली.

"दीडशेच्या आत आल्याशिवाय मी हात लावणार नाही," ते म्हणाले. "पाच आठवड्यांनी एक तारीख आहे. ती हुकली तर मग चार महिने नाही."

चार महिन्यांनी म्हणजे सत्र निम्मं संपलेलं असणार. बायकोचा चेहरा एवढासा झाला.

"गोळी बदलून देतो," डॉक्टर म्हणाले. "आणि बाई, योग सुरू करा. रोज वीस मिनिटं. बसून किंवा पडून झेपतील ती साधी आसनं, श्वासाचे व्यायाम आणि शेवटी शवासन. मन शांत व्हायला पाहिजे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घरातलं वातावरण शांत ठेवा."

"ठेवतो," मी म्हणालो. बघा, इथेच सगळं सुरू झालं.

मी शहर बससेवेच्या वेळापत्रक विभागात सव्वीस वर्षं आहे. एकशे चाळीस बस माझ्या कागदावर मिनिटाला मिनिट धरून धावतात. रस्त्यावर त्या धावतात की नाही, हा दुसऱ्या विभागाचा प्रश्न आहे. सांगायचा मुद्दा असा, की एकदा काम अंगावर आलं की ते रकान्यांत कसं बसवायचं, हे मला कुणी शिकवायला नको. त्याच संध्याकाळी मी मनःशांतीचं वेळापत्रक तयार केलं. चार रकाने, दोन प्रती, एक फ्रिजच्या दारावर आणि एक आरशाशेजारी.

बायकोनं चष्मा लावून वाचलं. "सहा वाजता चटई. सहा दोन, चटईवर मी. सहा तीन, श्वास घेणे..." मग खालपर्यंत गेली. "सहा एकोणीस, मन शांत होणे. अहो, हे काय?"

"शेवटचा थांबा."

"आणि सहा एकोणीसला नाही झालं तर?"

"तीन मिनिटांची सवलत ठेवलीये," मी म्हणालो. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, कौतुकानं बघतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर सहाला आम्ही सुरू झालो. ती चटईवर पाय लांब करून बसली आणि मी घड्याळ घेऊन समोर उभा राहिलो. "घे," मी म्हणालो. तिनं श्वास घेतला. मी चार मोजले. "आता सोड."

तिच्यात काही हालचाल दिसेना.

"अगं, सोड म्हणतोय ना!"

"मी मघाशीच सोडला."

"मी म्हणायच्या आधी? असा कसा सोडलास?"

"अहो, आपोआप सुटला! तेवीस वर्षं तुम्हाला न विचारता सोडतेय मी!"

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली आहेत, त्यामुळे सुरुवातीची दोन वर्षं ती मला विचारून सोडत होती की काय, असा प्रश्न माझ्या मनात आला. पण वातावरण शांत ठेवायचं असल्यामुळे मी तो विचारला नाही. म्हणजे लगेच विचारला नाही. नाश्त्याच्या वेळी विचारला.

प्रगती होतेय की नाही हे कळायला मोजमाप लागतं. म्हणून मी रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं. दंडाला पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचं, पट्टा गुरगुर करत फुगतो आणि आकडा दाखवतो. पहिल्या दिवशी योगाआधी एकशे सहासष्ट आला, योगानंतर एकशे सत्तर. मी म्हटलं, यंत्र नवीन आहे, रुळू दे. पुन्हा मोजला, एकशे त्र्याहत्तर. पुन्हा मोजणार होतो, पण तिनं पट्टा काढून पलंगाखाली टाकला. मग मी नियम केला, दिवसातून सहा वेळा मोजायचं. सकाळी उठल्याउठल्या, योगाआधी, योगानंतर, शाळेतून आल्यावर, जेवणाआधी आणि झोपताना. आलेख कागदावर सुरेख काढत गेलो. लाल शाईनं तिचा रक्तदाब आणि निळ्या शाईनं दीडशेची रेघ. लाल काही निळीच्या खाली येईना.

एकदा मला वाटलं, खरी शांतता शवासनातच असते, तेव्हा मोजायला हवं. ती डोळे मिटून पडलेली, हातपाय सैल, चेहरा अगदी निवांत. मी पावलांचा आवाज न करता गेलो, हळूच तिचा दंड उचलला, पट्टा गुंडाळला आणि बटण दाबलं. गुर्रर्र! ती जी किंचाळली, ती खालच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनीसुद्धा ऐकली. यंत्रानं आकडाच दाखवला नाही. नुसतं एक वाकडं चिन्ह दाखवलं. माहितीपुस्तिकेत त्या चिन्हासमोर लिहिलं होतं, 'शांत बसा आणि पुन्हा प्रयत्न करा.'

त्या किंकाळीमुळे प्राध्यापक वर आले. ते तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले आहेत, म्हणजे पगार थांबला आहे, शिकवणं चालूच आहे. दारात उभे राहूनच म्हणाले, "काय झालं?" मी सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"तुमचं मुळात चुकतंय. योगाची आठ अंगं. पहिलं यम, दुसरं नियम, आसन तिसरं. तुम्ही पहिली दोन सोडून थेट तिसऱ्यावर चढलात."

"गुडघ्यापुरतं तिसऱ्यापासून चालणार नाही का?"

"यमातली पहिली गोष्ट अहिंसा. झालीये?"

"आम्ही कुणाला मारत नाही हो."

"मनातसुद्धा?"

आमच्या डोक्यावर एक दंतवैद्य राहतो. तो पहाटे साडेपाचला लोखंडी वजनं उचलतो आणि उचलली की जमिनीवर आपटतो. त्याची मला आठवण झाली.

"आणि फळाची अपेक्षा सोडून करायचं," प्राध्यापक खुर्ची ओढून बसले. "वैराग्य म्हणतात ते हेच."

"म्हणजे दीडशेच्या आत यावा, ही अपेक्षा सोडायची?"

"सोडायची."

"सोडली की येतो?"

"ही परत अपेक्षाच झाली!"

मी कपाळाला हात लावला. प्रयत्न तर करायचा, पण काही मिळावं म्हणून करायचा नाही, हे वेळापत्रकात कुठल्या रकान्यात लिहायचं? शेवटच्या थांब्याची पाटी न लावता बस सोडली तर लोक मला चपलेनं मारतील. बायको मात्र पदर तोंडाला लावून खुदुखुदू हसत होती. पंधरा दिवसांत ती पहिल्यांदा हसली. मला त्याचा रागच आला. आम्ही इथे जिवाचं रान करतोय आणि हसवायला हे वरून, म्हणजे खालून, येणार!

वर दंतवैद्याकडे जाऊन मी शांततेची विनंती केली. तो म्हणाला, "काका, काकूंनी जबडा सैल सोडायला शिकायला हवं. सगळा ताण जबड्यात असतो." त्यानं मला खुर्चीवर बसवून माझाच जबडा सैल केला. दोन दिवस मला भाकरी चावता आली नाही. वजनं तो आपटतच राहिला.

तेव्हा मी ठरवलं, की घरात काही जमणार नाही, गच्चीवर जायचं. मोकळी हवा, डोक्यावर दंतवैद्य नाही. लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंत जाते, वर फक्त आठ पायऱ्या. माझ्या हिशेबानं तिच्या गुडघ्याला तेवढं जमण्यासारखं होतं. तिला कसं वाटतंय हे विचारायचं राहून गेलं, हे मी कबूल करतो.

गच्चीची किल्ली सोसायटीच्या सचिवांकडे असते. सचिव हा माणूस आंघोळसुद्धा ठराव मंजूर झाल्यावर करत असावा. त्यांनी नियमांची वही काढली.

"गच्ची वैयक्तिक वापरासाठी देता येत नाही. सामूहिक उपक्रमासाठी देता येते. किमान सात सभासद, अर्ज दोन प्रतींत."

"अहो, बायकोला वीस मिनिटं डोळे मिटून पडायचंय फक्त."

"मग सात जण मिळून पडा."

अर्ज केला. दोन दिवसांनी परत आला. समासात लाल शेरा होता, 'शवासन हा शब्द वगळावा. इमारतीविषयी गैरसमज पसरण्याची शक्यता.' मी तिथे 'पडून विश्रांती' लिहिलं. पुन्हा परत आला. 'विश्रांती हा उपक्रम होत नाही.' मी लिहिलं, 'सामूहिक निश्चलता प्रशिक्षण.' लगेच मंजूर झाला. वर सचिवांचं अभिनंदनाचं पत्रही आलं.

सात माणसं गोळा करताना माझ्या नाकी नऊ आले. मी, बायको आणि प्राध्यापक धरून तीन झाले. दंतवैद्य आला, कारण जबड्याचं कुणीतरी बघायला हवं. सचिव देखरेखीसाठी आले आणि त्यांच्या पत्नी सचिवांवर देखरेख करायला आल्या. सातव्या म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या ताई. त्या यायला तयार होत्या, पण डोळे मिटायला तयार नव्हत्या, कारण डोळे मिटले की त्यांना अर्धवट राहिलेले ब्लाउज दिसायचे.

बायकोला मी हे बातमी म्हणून सांगितलं. ती खाली बसली.

"अहो, मला शांत व्हायचंय. सभा भरवायची नाही."

"सभा नाही ती, गणसंख्या आहे."

पहिल्या दिवशी सकाळी पंधरा मिनिटं हजेरीत गेली. नंतर श्वास कुठल्या नाकपुडीनं सुरू करायचा यावर प्राध्यापक आणि दंतवैद्य यांची जुंपली. प्राध्यापक म्हणाले डावीनं, दंतवैद्य म्हणाला मी तोंडाचा डॉक्टर आहे, मला माहीत आहे, उजवीनं. सचिवांनी मतदान घेतलं. तीन विरुद्ध तीन झाले आणि सगळे बायकोकडे बघायला लागले.

"मी दोन्ही नाकपुड्यांनी घरी जाऊ का?" ती म्हणाली.

सचिवांनी ते मत बाद ठरवून इतिवृत्तात नोंदवलं. मी दोन्ही बाजूंना समजावत होतो, एकीकडे घड्याळ बघत होतो, मध्येच तिला "तू शांत राहा, तू लक्ष देऊ नकोस" असं बजावत होतो. जाताना सचिवांच्या पत्नीनं तिला आपल्या मावससासूची गोष्ट सांगितली. त्या बाईंचा गुडघा बदलला आणि तेव्हापासून त्यांना ऐकूच येत नाही. त्या दिवशीचा आकडा एकशे पंचाहत्तर होता. मी आलेखाला वरून एक कागद जोडला.

तिसऱ्या दिवशी तर कहर झाला. सगळे एकदाचे शवासनात गेले होते. सात चटया, सहा माणसं आडवी, शिवणकामवाल्या ताई उघड्या डोळ्यांनी आभाळाकडे बघतायत, अशी दुर्मीळ शांतता. आणि वाऱ्यानं गच्चीचं दार धाड धाड आपटायला लागलं. शांततेची जबाबदारी कुणाची? माझी. मी चटईवरून उठलो, चवड्यांवर चालत गेलो आणि दार ओढून घट्ट बंद केलं. पलीकडून कडी पडल्याचा आवाज आला.

आमच्या गच्चीच्या दाराची कडी जिन्याच्या बाजूला आहे आणि ती सैल आहे. दार जोरात लावलं की आपली आपण खाली पडते. हे इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण शांततेच्या नादात एखादी गोष्ट निसटते माणसाच्या डोक्यातून!

मी परत येऊन चटईवर पडलो आणि ठरवलं, की सहा एकोणीसपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही. सहा अठराला सचिव उठून दाराकडे गेले. पुढचा पाऊण तास मी सविस्तर सांगत नाही. फोन कुणाकडेच नव्हता, कारण फोन खाली ठेवून यायचा नियम मीच केला होता. मग आम्ही कठड्यापाशी उभे राहून ओरडलो. रस्त्यावरच्या एका सायकलवाल्यानं वर बघितलं, सात माणसं हात हलवतायत म्हणून त्यानंही प्रेमानं हात हलवला आणि निघून गेला. दंतवैद्यानं दाराला खांदा दिला. दार हललं नाही, खांदा हलला. सचिवांनी तिथल्या तिथे मला कारणे दाखवा नोटीस द्यायचं ठरवलं, पण कागद नव्हता. शेवटी समोरच्या इमारतीतून कुणीतरी अग्निशमन दलाला कळवलं. बंब आला, घंटा आली, सगळी गल्ली आली. मी कठड्यावरून ओरडून त्यांना बायकोच्या गुडघ्याचा पूर्वेतिहास सांगितला, म्हणजे शिडी कुठल्या बाजूनं लावायची ते ठरवता यावं. त्यांचा एक जवान खांद्यावरचा दोर सांभाळत जिन्यानं वर आला आणि त्यानं एका बोटानं कडी उचलली.

"मनात आणलं असतं तर शेजारच्यांना हाक मारून भागलं असतं," तो म्हणाला. शेजारचे सगळे गच्चीवर होते, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

बायको मात्र त्या सगळ्या वेळात टाकीच्या सावलीत बसून ताईंशी बोलत होती. दार उघडल्यावर मी घाईघाईनं घरातून यंत्र आणून पट्टा बांधायला गेलो तर तिनं माझा हात झटकला. "आत्ता नको," ती म्हणाली. "मला बरं वाटतंय. ते जाईल." मला या बोलण्याचा अर्थ लागला नाही, पण मोजलं पाहिजे म्हणून मोजलंच. एकशे अठ्ठ्याहत्तर.

गच्ची बंद झाली. उपक्रम बरखास्त झाल्याचा ठराव फलकावर लागला. त्यात माझं नाव तीनदा होतं आणि तिन्ही वेळा 'निष्काळजीपणा' या शब्दाच्या शेजारी. उरलेले दिवस आम्ही घरातच काढले, मी मोजत आणि ती डोळे मिटून.

पाच आठवडे संपले. सोमवारी तपासणी होती. रक्तदाब आत आला तर बुधवारी शस्त्रक्रिया, नाही तर चार महिने. मी आलेख, वेळापत्रक, सगळी टिपणं एका फाईलमध्ये लावली. एकवीस पानं झाली. आम्ही डॉक्टरांसमोर बसलो, नर्सनं पट्टा बांधला. मी बायकोला म्हणालो, "आता शांत हो हं. अगदी शांत. चार मोज. हात सैल. जबडा सैल. आकड्याचा विचारच करू नकोस, दीडशे म्हणजे काही फार नाही..."

"एकशे अडुसष्ट," नर्स म्हणाली.

बायकोनं खाली मान घातली. तिच्या मांडीवर दोन थेंब पडले. इतक्या दिवसांत ती रडली नव्हती. मी फाईल पुढे सरकवली. "डॉक्टर, आम्ही एक दिवस चुकवला नाही. बघा तुम्ही. दिवसाला सहा वेळा."

डॉक्टरांनी पानं चाळली. सावकाश चाळली. मग विचारलं, "हे कोण मोजायचं?"

"मीच."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. अशी कामं दुसऱ्यावर टाकून भागत नाही."

"असं करा," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा."

मी बाहेर बाकावर बसलो. दहा मिनिटांनी नर्सनं दार उघडून मला आत बोलावलं. डॉक्टरांच्या टेबलावरच्या कागदावर लिहिलं होतं, एकशे अडतीस.

"एकशे अडतीस!" मी ओरडलोच. "अगं, बघ! आला! मी म्हणत होतो ना? चार मोजल्याचा परिणाम! डॉक्टर, एकदा खात्री करून घेऊ या का?"

नर्सनं खात्री करून घेतली. एकशे साठ.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "बाहेर," ते म्हणाले. मी गेलो. दहा मिनिटांनी एकशे छत्तीस. या वेळी मला आत बोलावलं नाही, दाराच्या फटीतून सांगितलं.

मग डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं आणि तो कागद माझ्याच हातात दिला, खिडकीवर जमा करायला. 'शस्त्रक्रियेस हरकत नाही. योग चालू ठेवावा. पती बाहेर.' खाली सही आणि शिक्का. सव्वीस वर्षं मी सरकारी-निमसरकारी कागद वाचतोय, पण इतक्या कमी शब्दांत माझी इतकी पूर्ण माहिती कुणी लिहिलेली मी पाहिली नव्हती.

घरी येताना रिक्षात मी पुढे, रिक्षावाल्याशेजारी बसलो. घरी आल्यावर बाल्कनीत स्टूल टाकून बसलो. जेवणाचं ताटही तिथेच घेतलं. बायको दारात येऊन उभी राहिली.

"आत या."

"कागदावर स्पष्ट लिहिलंय."

"रुसू नका हो. तुम्ही वाईट नाही आहात. तुम्ही फक्त सारखे समोर असता."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गप्प बसायचं वेळापत्रक केलं असतं."

त्याचे रकाने माझ्या डोक्यात दुपारीच तयार झाले होते. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी ताट खाली ठेवलं. "मला भीती वाटते गं," मी म्हणालो. "तुला तिथे आत नेणार, भूल देणार, दार लावून घेणार. मला त्यात काहीच करता येणार नाही. म्हणून जे करता येईल ते करत होतो."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली आणि माझं ताट उचलून आत घेऊन गेली. मीही तिच्यामागून आत गेलो, पण चार पावलं अंतर ठेवून.

बुधवारी सकाळी दवाखान्यात माझी कीर्ती माझ्याआधी पोचली होती. पहिल्या नर्सनं कागद वाचून विचारलं, "पती बाहेर ते तुम्हीच का?" भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी लांबूनच नमस्कार केला. झाडू मारणारी बाईसुद्धा माझ्याभोवतीनं झाडून गेली आणि म्हणाली, "काका, आणखी थोडं तिकडे." मी व्हरांड्याच्या टोकाला खिडकीपाशी उभा राहिलो. खालून एक बस चालली होती, सात मिनिटं उशिरा. मी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही.

साडेआठला तिला आणलं. चाकांच्या पलंगावर आडवी, हिरवी टोपी घातलेली, दंडाला पट्टा आणि पायाशी आकडे दाखवणारा पडदा. आकडा मला एवढ्या लांबूनही दिसत होता. एकशे अडतीस. मी भिंतीला पाठ लावून श्वाससुद्धा जपून घेत होतो. पलंग शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापाशी पोचला आणि तिथे थांबला.

"अहो," तिनं हाक मारली.

मी मान हलवली. नको म्हटलं. हातानंच कागदाची खूण केली.

"अहो, या ना इकडे!"

मी गेलो. हळूहळू, एकेक पाऊल टाकत. तिनं चादरीतून हात बाहेर काढला आणि मी तो धरला. मला सांगायचं होतं, चार मोज, हात सैल सोड, आत गेल्यावर घाबरू नकोस. सगळं ओठांवर आलं होतं. मी दात घट्ट आवळून धरले, दंतवैद्य काय म्हणायचं ते म्हणू दे. पडद्यावरचा आकडा चढायला लागला. बेचाळीस. पंचेचाळीस. अठ्ठेचाळीस.

"काका, सोडा हात!" नर्स धावत आली. "एकशे अठ्ठेचाळीस झाले! तुम्हाला बाहेर राहायला सांगितलंय ना?"

मी घाबरून हात सोडवून घ्यायला लागलो. बायकोनं सोडला नाही.

"असू द्या हो सिस्टर," ती म्हणाली. "अजून दोन शिल्लक आहेत."